एका मण्याची चूक

२६ नोव्हेंबर १९८८
आज आलेले सामान: गावरान तूप दोन किलो १३०, डिंक अर्धा किलो २२, बदाम पाव किलो ३०, सुंठ-पिंपळी-ओवा मिळून १४, खारीक एक किलो १८, गूळ पाच किलो २५. एकूण २३९. बाळाचे कपडे: खर्च काही नाही.

शेवटची ओळ मुद्दाम लिहिली. लेक कुसुम पहिल्या बाळंतपणाला धुळ्याहून जळगावला आली आहे, आणि तिच्या वेळची झबली, लंगोट, लोकरीची दोन दुपटी आणि माझ्या सासूबाईंच्या लुगड्याची गोधडी पेटीत जशीच्या तशी आहेत. आमच्यात सूरजपूजा, म्हणजे बाळाला पहिल्यांदा सूर्य दाखवायचा विधी, होईपर्यंत बाळाला नवे कापड लावत नाहीत. बावीस वर्षांत एका धाग्याला कसर लागलेली नाही. दर दिवाळीला मी नव्या डांबर गोळ्या टाकते. या घरात झुरळही मारत नाहीत. कीड पडू दिली की ती मारायची पाळी येते, त्यापेक्षा ती येऊच नये अशी तजवीज करावी. मागे आमच्या साध्वी महासतीजींनी व्याख्यानात हेच सांगितले तेव्हा मला समाधान वाटले, कारण मी ते आधीपासूनच करते.

पेटी उघडली तशी कुसुम नाकाला पदर लावून म्हणाली, "बाई, डोळ्यांना पाणी येतं."
म्हटलं, "येऊ दे. नवे कपडे आणले की तुझ्या बापूजींच्या डोळ्यांना येतं."

३ डिसेंबर
काल सकाळी सव्वानऊला मुलगा झाला. सव्वासहा पौंड. दोघे सुखरूप. कानात नवकार मंत्र मीच म्हटला. धुळ्याला तार केली.

आज दवाखान्यातून घरी आलो. थंडी फार आहे. बाळाला तेल चोळून दोन झबली, वर लोकरीचे दुपटे, वर गोधडी. अगदी गुंडाळून ठेवले आहे. धुळ्याच्या ब्याणजींचा, म्हणजे कुसुमच्या सासूबाईंचा, निरोप आला की सव्वा महिना झाल्यावर आमचे आम्ही घेऊन जाऊ, तोवर तुमच्या हवाली. माणसे बरी आहेत, पण बोलण्यात एक धार असते.

५ डिसेंबर
मालीश करणारी भिकुबाई म्हणाली, "शेठाणी, पोऱ्या पिवया दिखस."
म्हटलं, "नवं बाळ थोडं पिवळं होतंच."
"होस. पन हाई जास्त शे. आनि बठ्ठा कपडा उनमां टाका. वासनी मनं डोकं धरं."
तिला स्वतःच्या तंबाखूचा वास चालतो, माझ्या कपड्यांचा नाही.

६ डिसेंबर
बाळाला मुलांच्या दवाखान्यात दाखल केले. डोळ्यांचे पांढरेसुद्धा पिवळे झाले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, आईचा रक्तगट ओ, बाळाचा बी, कधी कधी जुळत नाही. निळ्या बत्तीखाली उघडे ठेवले आहे, डोळ्यांवर पट्टी बांधून. एवढ्या थंडीत उघडे. मला बघवेना. दुपटे टाकू का म्हणून नर्सला विचारले तर ती म्हणाली, "आजी, कपडा टाकला तर बत्ती काय भिंतीला लावायची?"

१२ डिसेंबर
घरी आलो. सहा दिवस बत्ती. रंग उतरला, दूध ओढतो. ह्यांनी जैन स्थानकात पेढे वाटले. सहा दिवस उघड्यावर काढले म्हणून आज जास्तच जपले. तेल दोनदा चोळले. दोन्ही दुपटी एकावर एक.

१४ डिसेंबर
पुन्हा पिवळेपणा वाटतो. दूध सोडून झोपतो.

माझे मत, दूध बाधते. दवाखान्यात नर्सच्या नादाने कुसुमने वांग्याची भाजी आणि दही खाल्ले होते, मला नंतर कळले. आजपासून तिला फक्त मुगाचे पाणी, बाजरीची राब आणि तूप. ती म्हणाली, "बाई, मी बी.एस्सी. झाले आहे. दह्याने कावीळ होत नाही."
"बी.एस्सी. होऊन बाळ धरता येतं का? लंगोट उलटा बांधलास सकाळी."
नंतर पाहिले तर राबेचे भांडे तसेच होते. मी बोलायला नको होते. पण बाळाला काही झाले तर धुळ्याला तोंड कोण दाखवणार? ती नाही, मी. मुलगा माझ्या हवाली केलेला आहे.

१६ डिसेंबर
सकाळी लंगोट बदलताना डाग दिसला. कोऱ्या चहासारखा, काळपट. आधी वाटले पेटीचा गंज लागला असेल. दुसरा लंगोट बांधला, अर्ध्या तासाने तोही तसाच. बाळाचे ओठ पांढरे. कुसुमने पाहिले आणि चपला घातल्या.

दवाखान्यात रक्तातले हिमोग्लोबिन तपासले. सहा. पंधराच्या वर हवे होते. मोठे डॉक्टर म्हणाले, चौदा दिवसांच्या मुलाच्या अंगातले निम्म्याहून जास्त रक्त फुटून गेले आहे. जगेल का, असे ह्यांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस जाऊ द्या. आमच्या दुकानातल्या पितांबरचा गट ओ निघाला. तो तसाच तराजू सोडून आला आणि रक्त देऊन गेला. चहा घे म्हटले तर म्हणाला, "दुकान उघडं आहे, शेठाणी."

मी पाण्याचा त्याग केला आहे, बाळ डोळे उघडेपर्यंत.

१८ डिसेंबर
काल दुपारी डोळे उघडले. मी पाणी घेतले.

आजचे नीट लिहून ठेवते.

दवाखान्यात एक नवीन बाई डॉक्टर आहेत, मंदा भालेराव. मेहरूणला राहतात, वय तिशीच्या आत. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले की गट न जुळण्याने दुसऱ्यांदा एवढे होत नाही, तुम्ही बघा. त्या आल्या, बाळाला तपासले, आणि खुर्चीवर घडी करून ठेवलेले दुपटे उचलून नाकाशी धरले.

"हा वास कसला, आजी?"
"डांबर गोळ्यांचा. बावीस वर्षांचं कापड आहे, बघा, कुठे भोक नाही."
"घरी बाळाच्या अंगावर हेच असतं?"
"हेच. आणि झबली. सगळं त्याच पेटीतलं."
"धुऊन घातलं?"
"स्वच्छच होतं."
"आधी तेल लावता?"
"दोन वेळा."

त्या खाली बसल्या. मग विचारले की बाळ किती तारखेला घरी होते, कधी दवाखान्यात, कधी पिवळे दिसले, कुणाला आठवते का. मी पिशवीतून ही वही काढून दिली. त्यांनी पाने उलटली. तीन तारीख घरी, पाचला पिवळे. सहा ते बारा बत्तीखाली उघडे, बरे. बाराला घरी, दोन दुपटी, तेल दोनदा. चौदाला पिवळे. त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही लिहिलं नसतं तर मला इतक्या लवकर कळलं नसतं." मला आधी बरे वाटले. मग त्या काय म्हणत आहेत ते लक्षात आले.

गोळीची वाफ कापडात मुरते. तेल लावलेल्या कातडीतून ती लवकर आत जाते. सगळ्या बाळांना ती एवढी बाधत नाही. काही मुलग्यांच्या रक्तात ती सोसायचे एक औषध जन्मतः कमी असते, त्यांचे रक्त फुटते. त्या औषधाचे नाव त्यांनी कागदावर लिहून दिले. जी-सिक्स-पीडी. मी विचारले, आता तपासून खात्री करता येईल का. त्या हसल्या. "आत्ता तपासलं तर पितांबरच्या रक्ताचा रिपोर्ट येईल. चार महिने थांबावं लागेल. तोवर खात्री आहे असंच समजून वागायचं."

कुसुमने माझ्याकडे पाहिले नाही. तिने दुपटे उचलून खोलीबाहेर ठेवले. दाराशी नव्हे, जिन्याच्या पलीकडे.

१९ डिसेंबर
भालेराव बाईंनी आज विचारले, "आजी, तुमच्या माहेरी किंवा तुमच्या पोटी एखादा मुलगा जन्मल्यावर काविळीने गेला होता का? हे आईकडून मुलाकडे येतं, म्हणून विचारते."
हे शेजारी उभे होते. मी म्हणाले, "नाही."
हेही काही बोलले नाहीत.

आज रोजची सामायिक, ध्यानाची बैठक, केली नाही. खोटे बोलून त्या आसनावर कशी बसू.

२२ डिसेंबर
बाळ दूध पिते. रक्त दहावर आले.

कुसुमशी चार दिवसांनी नीट बोलणे झाले. मीच विचारले, आईकडून येते म्हणजे काय येते? तिने आधी टाळले. मग बाळ झोपले तेव्हा सांगायला बसली. तिच्या कॉलेजच्या वह्या मी लग्नानंतर रद्दीत घातल्या होत्या, त्याचा टोमणा आधी मारून घेतला.

"बाई, अंगातल्या प्रत्येक पेशीत एक मूळ चोपडा असतो, दुकानातल्या खातेवहीसारखा. तो तिजोरीतून बाहेर येत नाही."
"मग काम कसं चालतं?"
"दुकानात कसं चालतं? मुनीमजी हवी ती ओळ चिठ्ठीवर उतरवतात. चिठ्ठी गोडाऊनला जाते. चोपडा जागेवर राहतो. इथेही चिठ्ठीच बाहेर येते. तिच्यावरून एक वाचणारं यंत्र सरकतं, तीन-तीन अक्षरं वाचतं, आणि दर तीन अक्षरांमागे एक मणी ओवतं."
"अक्षरं किती?"
"चार."
"चार अक्षरांत काय लिहून होतं?"
"तूच कर हिशेब. तीनची जागा, प्रत्येक जागी चारातलं कुठलंही."
मी बोटांवर केला. चौसष्ट. ती म्हणाली बरोबर, आणि मणी वीसच प्रकारचे, म्हणून एकेका मण्याला दोन-दोन, चार-चार नावे आहेत. तीन नावांचा अर्थ मणी नाही, तिथे माळ संपली असा आहे. माळ ओवून झाली की ती आपोआप वळते आणि तिची एक घडी बसते. त्या घडीलाच प्रथिन म्हणायचे. घडी नीट बसली तरच ते काम करते.

"प्रथिन म्हणजे डाळीतलं?"
"डाळीतलं पोटात सुटं होतं. मणी वेगळे होतात आणि आपण ते आपल्या चिठ्ठीप्रमाणे पुन्हा ओवतो. म्हणून मला मुगाच्या पाण्यावर ठेवू नकोस. याच्यासाठी मणी लागतात."
आज तिला डाळ-भात दिला. दहीही.

मग मुद्द्याचे. या औषधाची माळ पाचशेच्या वर मण्यांची आहे. चोपड्यात कुठे तरी एक अक्षर चुकलेले असले की चिठ्ठीत तेच उतरते. उतरवणाऱ्याचा दोष नाही, त्याने दिसले ते उतरवले. ओवणारा एक मणी वेगळा ओवतो. पाचशेत एक. तरी घडी सैल बसते आणि माळ लवकर मोडते.

मी विचारले, मोडली तर नवी ओवावी, चिठ्ठीला काय तोटा आहे.
"बाकी पेशी ओवतात. म्हणून त्याच्या बाकी अंगाला काही झालं नाही. पण रक्ताची लाल पेशी हाडाच्या आत तयार होते आणि बाहेर निघताना चोपडाच टाकून देते."
"का?"
"जागा करायला. पुढे तिला नवी चिठ्ठी नाही, नवी माळ नाही. निघताना जे बांधून दिलं तेवढ्यावर चार महिने काढायचे. सासरी जाणाऱ्या मुलीसारखं."
"तुला मी काय कमी बांधून दिलं?"
"मी कुठे म्हटलं?"

गोळीच्या वाफेने लाल पेशीला एक प्रकारचा गंज चढतो, तो झाडायचे काम त्या औषधाचे. याच्या पेशीत ते मोडून गेलेले असते, म्हणून पेशी फुटते. शेवटी तिने सांगितले की ही ओळ बाईमाणसाच्या चोपड्यात दोनदा लिहिलेली असते, एकीत चूक असली तरी दुसरी सांभाळून घेते. मुलग्याला एकच मिळते, आणि ती आईकडून.

"म्हणजे माझ्यात आहे," ती म्हणाली. "माझ्यात कुठून आली ते माहीत नाही."

मला माहीत आहे. मी तिला सांगितले नाही.

२८ डिसेंबर
बाळ घरी आले. सगळे नवे सुती कपडे, दोनदा उकळून. पेटी ह्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

त्यातले कपडे भिकुबाईने मागितले. "दी टाका ना, मना नातूले व्हई जाई."
म्हटलं, "नाही देता येणार."
"पडेल शेतस ना, मंग?"
"नाही म्हटलं ना."
ती तेलाची वाटी उचलून गेली. जाताना पुटपुटली की इतला कंजूसपना बरा नही. कारण सांगितले असते तर एका दिवसात पेठभर झाले असते. मी सगळे कापड फाडून तराजू पुसायची फडकी केली. सासूबाईंच्या लुगड्याची गोधडीसुद्धा. ती फाडताना कात्री लागली नाही, हातानेच फाटत गेली.

१ जानेवारी १९८९
लिहिते. ही वही आता डॉक्टर वाचणार नाहीत.

सन १९६४, श्रावण. यावलला माहेरी माझे पहिले बाळंतपण. मुलगा. पाऊस होता म्हणून आईने तिची लोकरीची शाल काढली. तिलाही हाच वास होता. आईनेच मला गोळ्या टाकायची सवय लावली. चौथ्या दिवशी पिवळा, नवव्या दिवशी गेला. नाव ठेवले नव्हते. कुणी म्हणाले नजर, कुणी माझे दूध. मी माझे कर्म समजले आणि हिरव्या भाजीचा त्याग घेतला, तो आजही चालू आहे. कुसुमला आम्ही हे कधी सांगितले नाही. नंतर दोन्ही वेळा मुलीच झाल्या, थोरली ही आणि धाकटी दीड वर्षाची होऊन गोवराने गेली. मुलीच झाल्या म्हणून सासूबाई रुसल्या होत्या.

आता वाटते, पंचवीस वर्षे मी वाटाणा-मेथी सोडून बसले आणि डांबर गोळ्या सोडल्या नाहीत.

७ जानेवारी
महासतीजी विहार करत दोन दिवस स्थानकात थांबल्या आहेत. मी आलोचना, म्हणजे चुकांची कबुली देऊन प्रायश्चित्त, घ्यायला गेले. गोळ्यांचे सांगितले. न कळत झालेली हिंसा म्हणून अकरा एकासने, दिवसातून एकदाच जेवायची, दिली. मग त्यांनी विचारले, "आणखी काही?"
मी म्हणाले नाही.
त्या म्हणाल्या, "आलोचना माझ्यापुढे केलीत ती पुरते असं नाही, श्राविकाजी. ज्याला कळायला हवं त्याला सांगावं लागतं."
त्या सगळ्यांनाच असे सांगत असतील.

९ जानेवारी
कुसुमला यावलचे सांगितले. ती बाळाची नखे कापत होती. कापायची थांबली नाही. पाचही बोटे झाल्यावर म्हणाली, "म्हणजे मला एक भाऊ होता."
मी तिच्याकडून दुसरे काही ऐकायच्या तयारीत होते.

त्यानंतर आम्ही दोघी भालेराव बाईंकडे गेलो आणि मी त्यांनाही सांगितले. त्या रागावल्या नाहीत. दोघींचे रक्त काढून मुंबईला पाठवले. टाळायच्या वस्तूंचा कागद करून दिला: डांबर गोळ्या, हिवतापाची एक गोळी, सल्फाची औषधे, जखमेवरचे निळे औषध, बाळाच्या अंगाला मेंदी. मेंदीचे मला नवल वाटले. त्या म्हणाल्या, पानातल्या रंगाचाही तोच परिणाम, कातडीतून जातो. एवढे सांभाळले तर मूल इतर मुलांसारखे शाळेत जाईल, म्हातारे होईल. पैलवानही होईल, म्हणाल्या.

२४ जानेवारी
मुंबईचा रिपोर्ट आला. कुसुमलता, कमी. धनकुंवर, म्हणजे मी, कमी. शिक्का, सही.

हे चष्मा लावून बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "धुळ्याला काय सांगायचं?"
"तुम्ही सांगा."
"कावीळ झाली होती, बरी झाली. त्यात खोटं काय आहे? भावाच्या दोन मुली लग्नाच्या आहेत. या घरात रक्ताची खोट आहे म्हणून बोभाटा झाला तर?"
म्हटलं, त्यांच्या अंगात माझे रक्त कुठून येणार, त्या तुमच्या भावाच्या मुली.
"तुला कळतं, मला कळतं. पत्रिका घेऊन येणाऱ्याला कोण समजावणार? तीन-तीन अक्षरांपासून सुरू करणार का?"
हे बरोबर आहे. लोक एवढे कुठे ऐकून घेतात.

मी कुसुमला म्हणाले, तो कागद तुझ्याजवळ ठेव आणि तू सांभाळ, पण ब्याणजींना यातले काही सांगू नकोस. जावई निर्मलकुमारांनाही नाही. तिने विचारले, "का?" मी म्हणाले, "एकदा पायगुणावर गेलं की जन्मभर बोलतील. तुलाच ऐकावं लागेल." तिने माझ्या हातावर हात ठेवून कबूल केले. मीच ठेवायला लावला.

३ फेब्रुवारी
आज कुसुम आणि बाळ धुळ्याला गेले. निर्मलकुमार आणि ब्याणजी न्यायला आले होते; काविळीमुळे लांबले एवढेच त्यांना माहीत. बाळ आता साडेनऊ पौंड, गाल आलेले. ब्याणजींनी मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "चांगलं सांभाळलंत हो." मी त्यांच्या ताटात शिरा वाढत होते. डाव पातेल्यात टाकून आत गेले, पाणी आणायच्या निमित्ताने.

नाव पारस ठेवायचे ठरले आहे.

१९ फेब्रुवारी
कुसुमचे कार्ड. पारस हसतो. तिने खोलीतल्या कपाटातल्या गोळ्या सासूबाई बाजारात गेल्या तेव्हा काढून टाकल्या, त्या संध्याकाळी पुन्हा नव्या दिसल्या. तिने पुन्हा काढल्या. सासूबाईंना वाटते उंदीर नेतो. अकरा एकासने पूर्ण.

११ मार्च
धुळ्याहून पाकीट. ब्याणजींनी स्वतः लिहिले आहे. होळीला पारसची ढूंढ करायची, म्हणजे मुलाची पहिली होळी. सत्तर माणसे जेवायला. तुम्ही दोघांनी यावे, मामाकडून म्हणून कपडे आणि बत्ताशे आणावेत. आदल्या दिवशी मेंदी आहे. "आमच्याकडे पहिल्या ढूंढीला मुलाचे दोन्ही हात आणि पाय घोट्यापर्यंत मेंदीने भरतात, निर्मलचे भरले होते, त्याच्या आजोबांचे भरले होते. मेंदी सोजतहून मागवली आहे."

त्याच पाकिटात कुसुमच्या हातची चार ओळींची चिठ्ठी, घडीत घडी करून. "बाई, मी नको म्हटलं. त्यांनी का म्हणून विचारलं. मी अंगावर उठेल म्हणाले. त्या म्हणाल्या, आमच्या घरात कुणाच्या अंगावर मेंदी उठली नाही. खरं कारण सांगायचं तर तुला शब्द दिला आहे. मेंदी २१ तारखेला आहे. काय करू ते सांग."

तिने पहिल्यांदाच मला विचारले आहे की काय करू. बी.एस्सी. झालेली मुलगी, आणि माझ्या एका शब्दाने बांधून ठेवली आहे. शब्द काढायचा तर तो माझा मीच काढायला हवा. तिने सांगितले तर ती सासरी लपवाछपवी करणारी ठरेल. मी सांगितले तर लपवणारी मी ठरते, आणि ते खरे आहे.

हे म्हणाले, फोन करू. त्यांचा फोन पेढीवर आहे, चार माणसे ऐकतात. आणि हे सगळे फोनवर सांगता येईल असे नाही. हे म्हणाले, भावाच्या मुलींचा विचार कर. मी म्हणाले, दीड महिना झाला, करतेच आहे. मग हेच उठून पोस्टाचे पाकीट घेऊन आले.

१२ मार्च
पत्राची नक्कल ठेवते.

॥ श्री महावीराय नमः ॥
जळगाव, नवी पेठ
सौ. ब्याणजींना धनकुंवरचा जय जिनेंद्र.

पत्र पोचले. ढूंढीला आम्ही दोघे येतो. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, ती मी तीन फेब्रुवारीला आमच्या ओट्यावरच सांगायला हवी होती. पारसला मेंदी लावू नये. हाताला नाही, पायाला नाही, शकुनाचा ठिपकासुद्धा नाही. तुमच्या कपाटातल्या डांबर गोळ्या घरातून काढून टाकाव्यात. त्या उंदीर नेत नाही, कुसुम नेते.

डिसेंबरात त्याला नुसती कावीळ झाली नव्हती. त्याचे निम्म्याहून जास्त रक्त फुटले होते आणि आमच्या पितांबरच्या रक्तावर तो वाचला. कारण मी. माझ्या पेटीतले जुने कपडे मी न धुता त्याला घातले, त्यात गोळ्यांची वाफ मुरलेली होती. बरा होऊन घरी आल्यावर पुन्हा तेच घातले.

ती वाफ त्याला बाधली कारण त्याच्या रक्तात एक प्रथिन कच्चे आहे. शरीरात लिहिलेल्या एका ओळीत एक अक्षर वेगळे आहे, त्यामुळे एक मणी वेगळा ओवला जातो आणि ते प्रथिन लवकर मोडते. एरवी त्याला कसलाही आजार नाही. सोबतच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलेल्या पाच वस्तू टाळल्या की तो इतर मुलांसारखाच वाढेल. हे पायगुणाने होत नाही, दुधाने होत नाही, दह्याने होत नाही. मला स्वतःला हे समजायला वेळ लागला म्हणून लिहिते.

ही ओळ त्याला कुसुमकडून आली आणि कुसुमला माझ्याकडून. मुंबईचा रिपोर्ट जोडला आहे. माझा पहिला मुलगा नऊ दिवसांचा होऊन असाच गेला. लग्न ठरवताना मी ते तुम्हाला सांगितले नव्हते. तेव्हा मलाही त्याचे कारण माहीत नव्हते, पण जानेवारीत माहीत झाले आणि तरी मी कुसुमकडून न सांगण्याचा शब्द घेतला. तो शब्द मी आज परत घेतला आहे, तिला वेगळे कार्ड टाकले आहे. ती तुमच्यापासून काही लपवत नव्हती, माझी लपवणूक सांभाळत होती. निर्मलकुमारांना हे पत्र दाखवावे. एप्रिलच्या मध्यात पारसचे रक्त तपासायचे आहे, त्यासाठी त्याला इकडे पाठवायचे की धुळ्यातच तपासायचे ते तुम्ही ठरवावे. पुढचे बाळंतपण माझ्याकडे करू नये असे वाटले तर तेही तुम्ही ठरवावे.

सोजतच्या मेंदीने आलेल्या सगळ्या बायकांचे हात भरा, कुसुमचेही भरा, फक्त वाळेपर्यंत तिने त्याला घेऊ नये. मामाकडचे कपडे आणते आहे, नवे आहेत, दोनदा धुतलेले.

मेंदी मंगळवारी आहे. हे पत्र तुम्हाला बुधवारी मिळेल. शनिवारपर्यंत तुमचे दोन शब्द हाती आले नाहीत तर रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी निघेन आणि तुमच्या दारात उभी राहून हेच सगळे तोंडाने सांगेन. तशी वेळ येऊ नये. पारसला मेंदी लावणार नाही, एवढे एक वाक्य उलट टपाली कळवावे. त्यापुढे रागाचे काही लिहिलेत तरी चालेल.